गवत कुणाच्या नावावर?

(दृश्य: पहाट. गावाबाहेरची आखर. धूळ. गळ्यातल्या घंट्यांचा आवाज.)

सकाळचे सात. नागपूरहून उमरेडकडे निघालं की तासाभरात लागणारं एक गाव. आखरीवर, म्हणजे चरायला नेण्याआधी गावाची गुरं जमतात त्या जागेवर, ढोरं जमायला लागली आहेत. कुणाची एक गाय, कुणाचे दोन गोऱ्हे. मालक जनावर आणून सोडतो आणि चहा प्यायला घरी परततो. आता संध्याकाळपर्यंत ती गायकीची जबाबदारी. गायकी म्हणजे गावाची ढोरं राखणारा माणूस. गाण्यातली गायकी वेगळी, हे पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधीच सांगून ठेवतो.

हा गायकी साठी ओलांडलेला. हातात बांबूची काठी, खांद्याला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली पाण्याची बाटली. आणि शर्टाच्या खिशात, पॉलिथिनमध्ये घडी घालून ठेवलेला एक कागद.

(दृश्य: हाताचा क्लोजअप. घडी उलगडते. शाई फिकट झालेली.)

कोंडवाड्याची पावती आहे ही. काही वर्षांपूर्वी गावाची ढोरं बरडावर चरत असताना वनखात्यानं धरली आणि कोंडवाड्यात घातली. दंड भरून ती सुटली. पैसे गावानं वर्गणी काढून भरले, पावती मात्र यांच्याकडे राहिली. वाचता येत नाही, तरी जपून ठेवली आहे. का, असं विचारलं तर म्हणाले, “माहा बाप इथंच ढोरं चारे. मंग हे जंगल कवा झालं?”

या एका प्रश्नासाठी आम्ही ही फिल्म करायला घेतली.

(दृश्य: बरड. मुरमाड जमीन, बोरीची झुडपं, तरोटा, मधेच एखादा पळस.)

जंगल म्हटल्यावर जे डोळ्यांपुढे येतं, ते इथं नाही. मुरूम आहे, खुरटी झुडपं आहेत, पावसाळ्यात चार महिने गवत. नांगर चालत नाही आणि मोठं झाड धरत नाही, म्हणून जुन्या काळी ही जमीन गुरांना सोडली होती. महसूल दप्तरात तिच्यासाठी एक शब्द आहे: झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत तो सापडतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या वकिलाला विचाराल, तर तो आधी तुमच्याकडेच बघेल.

त्याला कारण इतिहास आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होतं, त्या राज्याची राजधानी होतं. त्याआधी इथं मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराची व्यवस्था. गावाची पडीक जमीन मालगुजाराच्या ताब्यात असे, आणि तिथून चारा, सरपण, माती घेण्याचा रयतेचा रिवाज म्हणजे निस्तार. 1951 साली मालगुजारी गेली, जमीन सरकारजमा झाली आणि निस्तार कागदावर उतरला. महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल संहितेतही तो आहे. कलम 161 नुसार जिल्हाधिकाऱ्यानं गावाचं निस्तार पत्रक तयार करायचं असतं, तेही गावकऱ्यांची इच्छा विचारून. गुरं कुठं आणि कोणत्या अटींवर चारायची, हे त्यात लिहिलेलं असतं.

आता गंमत बघा. एकाच बरडाबद्दल एक सरकारी कागद म्हणतो चरा, आणि दुसरा म्हणतो जंगल.

(दृश्य: तहसील कार्यालय. लाल कापडातले गठ्ठे. पंख्याचा आवाज.)

‘झुडपी जंगल’मधला ‘जंगल’ हा शब्द अनेक वर्षं कुणी मनावर घेतला नव्हता. मग 25 ऑक्टोबर 1980 ला वन संवर्धन कायदा लागू झाला: वनजमीन दुसऱ्या कामासाठी द्यायची तर आधी केंद्राची मंजुरी. 12 डिसेंबर 1996 ला गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीनही वनच धरायची, मालकी कुणाचीही असो. इकडे तोवर झुडपीवर घरं उभी राहिली होती, शाळा झाल्या होत्या, शेती होत होती, स्मशानं होती.

22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं या वादाचा निकाल दिला. वाद 86 हजार हेक्टरांहून अधिक जमिनीचा. झुडपी जंगल हे वनच, असं न्यायालयानं म्हटलं. मात्र 12 डिसेंबर 1996 पर्यंत सक्षम अधिकाऱ्यानं वाटप केलेल्या जमिनींना वाट ठेवली: राज्यानं जिल्हावार एकत्र प्रस्ताव करून त्या वनांच्या यादीतून वगळण्यासाठी केंद्राकडे जायचं. त्यानंतरच्या वाटपांसाठी राज्याला कारणं द्यावी लागणार. आणि वनाला लागून नसलेले तीन हेक्टरांपेक्षा लहान तुकडे संरक्षित वन म्हणून घोषित करायचे.

झुडपीवर कसणाऱ्या शेतकऱ्यानं यातून एकच गोष्ट उचलावी. आपल्या वाटपाच्या आदेशावरची तारीख बघावी. सातबारा नंतर बघता येईल, आधी तो आदेश. आजोबांच्या ट्रंकेत असेल, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करायचा.

पण गायकीकडे आदेश नाही. गवताचं वाटप कधी झालंच नव्हतं.

(दृश्य: पुन्हा बरड. गुरं चरतायत. लांबून ट्रकचा आवाज.)

त्याच्यासाठी खरा मुद्दा निकालातल्या शेवटच्या बाबीत आहे, लहान तुकड्यांच्या. भारतीय वन अधिनियम 1927 मध्ये राखीव वन आणि संरक्षित वन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. राखीव वनात परवानगी नसेल तर सगळं बंद. संरक्षित वनात जे बंद केलेलं नाही, ते सुरू. चराईसाठी बंद केलेल्या भागात जनावर शिरलं, की कलम 70 लागतं आणि ते थेट 1871 च्या कोंडवाड्याच्या कायद्याकडे बोट दाखवतं. खिशातल्या त्या पावतीचं मूळ इतकं जुनं आहे.

पण त्याच अधिनियमात कलम 29 आहे. संरक्षित वन घोषित करण्याआधी तिथं सरकारचे आणि खासगी माणसांचे हक्क काय आहेत, याची चौकशी होऊन नोंद झालेली असली पाहिजे. घाईची वेळ असेल तर आधी घोषित करता येतं, पण तेव्हाही असलेले हक्क कापता येत नाहीत. म्हणजे चौकशी करणारा माणूस गावात येईल त्या दिवशी निस्तार पत्रकाची नक्कल गावाच्या हातात हवी. आम्ही ज्या चार गावांत गेलो, तिथं एकाही सरपंचानं ती पाहिलेली नव्हती. एकानं तर आम्हालाच विचारलं, हे मिळतं कुठं?

दुसरी वाट 2006 च्या वनहक्क कायद्याची. त्यात सामुदायिक हक्कांमध्ये निस्तार हा शब्द जसाच्या तसा आहे, चराईही आहे. दावा ग्रामसभेपासून सुरू होतो, मग उपविभाग, मग जिल्हा समिती. पुराव्यात जुने नकाशे आणि दप्तर चालतं, वडीलधाऱ्या माणसाचं लिहून घेतलेलं निवेदनही चालतं. म्हणजे या गायकीचं बोलणं हासुद्धा पुरावा आहे, कुणी लिहून घेतलं तर.

इथंही एक फाटा फुटतो. अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचं वास्तव्य आणि वनावरचं अवलंबन दाखवावं लागतं. इतरांना मात्र त्या तारखेआधीची तीन पिढ्यांची, 75 वर्षांची वस्ती सिद्ध करावी लागते. आणि आमचा हा गायकी गोवारी आहे.

(दृश्य: नागपूर, झिरो माइलजवळचं गोवारी शहीद स्मारक. वाहतूक.)

विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारा हा समाज. 23 नोव्हेंबर 1994 ला, हिवाळी अधिवेशन चालू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला हजारो गोवारी नागपुरात आले होते. चेंगराचेंगरीत 114 जण गेले. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोवारींना जमात मानलं. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. यादीत ‘गोंड गोवारी’ आहे, ‘गोवारी’ नाही. एका शब्दानं जमीन जंगल होते, आणि एका शब्दानं माणूस यादीबाहेर राहतो.

(दृश्य: दुपार. पळसाखाली गायकी. बाटलीतलं पाणी.)

यात आणखी एक ओझं आहे. मार्च 2015 पासून राज्यात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. त्यामुळे ओढकाम संपलेला बैल दावणीला राहतो किंवा आखरीवर येतो. खाणारी तोंडं वाढली, बरड तेवढंच राहिलं. गोशाळेचे बोर्ड रस्त्याला खूप दिसतात. या गायकीच्या कळपात मात्र मी सात म्हातारे बैल मोजले. त्यातल्या दोघांचे मालक गाव सोडून गेलेत.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं दार. खुर्चीवर ग्रामसेवक. समोर गायकी उभा.)

शेवटच्या दिवशी आम्ही त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीत गेलो. निस्तार पत्रकाच्या नकलेसाठी तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहिला. कोर्ट फी स्टॅम्पसाठी त्यांनी खिशात हात घातला तेव्हा पैशांआधी ती पॉलिथिनची घडी बाहेर आली. ग्रामसेवक म्हणाले, बाबाजी, ही जोडायची गरज नाही.

त्यांनी ती परत घेतली नाही. टेबलावरच ठेवली, अर्जाच्या वर.

“राहू द्या साहेब. आमी तिथं चारत होतो, हे यातच लिवलं आहे.”