अंगात रक्त नाही: मांजरांमधला ल्युकेमिया ओळखताना

(दृश्य : दवाखान्यातलं स्टीलचं टेबल. करड्या रंगाची एक मांजरी. डॉक्टर अंगठ्याने तिचा वरचा ओठ हलकेच वर सारतात.)

ही हिरडी बघा. निरोगी मांजराची हिरडी गुलाबी असते. हिची पांढुरकी पडली आहे, कडेला किंचित पिवळट झाक आहे. बाकी मांजरी अंगाने बरी दिसते. सकाळी थोडी मासळीही खाल्ली म्हणे. घरच्यांची तक्रार एवढीच, की हल्ली ती फ्रिजवर उडी मारत नाही.

मांजराच्या आजाराची सुरुवात बहुतेक वेळा अशा फुटकळ वाटणाऱ्या तक्रारीनेच होते. खेळत नाही, पलंगाखाली जाऊन बसते, हाक मारली तरी कान फिरवत नाही. उन्हाळा आहे, वय झालं, रुसली असेल, अशी कारणं आपण आपणच शोधतो. मांजर दुखणं दाखवत नाही. दाखवायला लागतं तेव्हा दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं.

(दृश्य : ग्लासगो शहराची जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

मांजरांमधला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) कशामुळे होतो, ते कळायला १९६४ साल उजाडावं लागलं. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांसमोर एक विचित्र प्रकरण आलं. एकाच घरातल्या अनेक मांजरांना लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर झाला होता. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. मग एकाच छपराखाली इतकी मांजरं कशी? त्यांनी गाठींचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि त्यात विषाणूचे कण दिसले. फेलाईन ल्युकेमिया व्हायरस, दवाखान्यातल्या बोलण्यात एफईएलव्ही, तो हाच.

हा रेट्रोव्हायरस आहे. पेशीत शिरला की आपला जनुकीय मजकूर तो तिच्या डीएनएतच घालून ठेवतो. तोंडातून, नाकातून आत येतो, घशाजवळच्या ग्रंथींत वाढतो आणि काही मांजरांत तिथून हाडांच्या मगजापर्यंत पोचतो. रक्त तिथे तयार होतं, आणि नेमकं तिथेच तो ठाण मांडतो. मग कुणाच्या लाल पेशी कमी होतात, कुणाची प्रतिकारशक्ती ढासळते, कुणाच्या अंगात गाठी येतात. मांजर या आजाराने जातं ते दर वेळी कॅन्सरनेच असं नाही. पुष्कळदा रक्तक्षयाने, किंवा एरवी चार दिवसांत बऱ्या झालेल्या एखाद्या जंतुसंसर्गाने जातं.

(दृश्य : इमारतीचा जिना. एका थाळीतला दूधभात चार-पाच मांजरं मिळून खाताहेत. एक मांजरी दुसरीची मान चाटतेय.)

लागण मुख्यतः लाळेतून होते. एकमेकांना चाटणं, एका भांड्यात खाणं-पिणं, चावाचावी. शिवाय आईकडून पिल्लांना, पोटात असताना किंवा दुधातून. म्हणजे ज्या दृश्याकडे बघून आपल्याला बरं वाटतं, त्यातूनच हा पसरतो. लहान पिल्लांना धोका सगळ्यात जास्त. वय वाढेल तशी मांजराची झुंज देण्याची ताकद वाढते. माणसाला किंवा कुत्र्याला हा आजार होत नाही, तेव्हा मांजर कुशीत घेऊन झोपणाऱ्यांनी घाबरायचं कारण नाही.

(दृश्य : खिडकीजवळ बसलेलं मांजर, दिवसाचा उजेड. हात आणि हिरडी अगदी जवळून.)

आता घरी काय बघायचं? हिरडीपासूनच सुरुवात करू, कारण ती बघायला काहीच लागत नाही. मांजर निवांत असताना, दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या दिव्याखाली फिकट हिरडीही चांगली दिसते. ओठ वर करा, हिरडीवर बोट दाबून सोडा. दाबलेली जागा पांढरी होते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. काही मांजरांच्या हिरड्या मुळातच काळसर असतात, त्यांची खालची पापणी ओढून आतला रंग बघा. आणि हे मांजर धडधाकट असतानाच एकदा करून ठेवा. आपल्या मांजराचा नेहमीचा रंग माहीत नसेल, तर फिकटपणा कळणार कसा?

फिकट हिरडी म्हणजे ल्युकेमियाच, असं मात्र नाही. पिसवांनी भरलेल्या पिल्लाच्या अंगातही रक्त उरत नाही. रक्तातले इतर परजीवी असतात, मूत्रपिंडाचे विकार असतात. हिरडी फक्त सांगते, की डॉक्टरकडे चला, आणि उद्यावर ढकलू नका. अंगात रक्त कमी झालेली काही मांजरं तर शौचाच्या ट्रेमधली माती चाटायला लागतात. पुष्कळ घरांत यावर जंताचं औषध देऊन विषय संपवला जातो.

(दृश्य : मांजराला उचलून वजनकाट्यावर उभी असलेली बाई.)

दुसरी गोष्ट वजन. केसांमुळे मांजराचं रोडावणं डोळ्यांना दिसत नाही, हाताला लागतं. पाठीवरून हात फिरवताना मणके टोचायला लागले की समजावं. त्याहून सोपं म्हणजे मांजर घेऊन काट्यावर उभं राहायचं, मग आपलं वजन वजा करायचं. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम वजन उतरलं, तर ते साठ किलोच्या माणसाचं सहा किलो उतरण्यासारखं आहे. महिन्यातून एकदा आकडा कॅलेंडरवर लिहिलात तरी पुरे.

तोंडही बघा. हिरड्या सुजून लाल झाल्यात, तोंडाला घाण वास येतोय, मांजर भांड्यापाशी जातं, वास घेतं आणि मागे फिरतं. भूक असते, खाववत नाही. ताप येतो-जातो. सर्दी बरी होते आणि पंधरा दिवसांनी परत येते. जुलाब थांबत नाहीत, कातडीवरची जखम भरत नाही. यातलं एकेक सुटं घेतलं तर किरकोळ. एकाच मांजराच्या मागे हे सगळं लागलं, तर मात्र मुळाशी काय आहे ते शोधायला हवं. जबड्याखाली, खांद्यांच्या पुढे, मागच्या गुडघ्यांमागे गाठी लागतात का, चाचपून बघा. दोन डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तरी तपासणी करायलाच हवी. भाटी पुन्हा पुन्हा गाभडत असेल किंवा तिची पिल्लं दर खेपेला दगावत असतील, तर दृष्ट काढण्यापेक्षा तिचं रक्त तपासलेलं बरं.

(दृश्य : झोपलेलं मांजर, छातीची हालचाल. घड्याळाचा सेकंद काटा.)

श्वासाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. तरुण मांजरांत कधी कधी छातीच्या आत, फुफ्फुसांच्या मधल्या जागेत गाठ वाढते. सोबत पाणीही साचतं. असं मांजर कुशीवर लोळत नाही. कोपरं बाहेर काढून, मान पुढे करून बसून राहतं. झोपलेल्या मांजराची छाती अर्ध्या मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा आणि दुप्पट करा. मिनिटाला तीसच्या आत असावी. सतत त्याच्या वर जात असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल, तर मोजत बसू नका, उचला आणि निघा.

एक गोष्ट कृपा करून करू नका. ताप वाटतोय म्हणून घरातली पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ती विष आहे. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

(दृश्य : किटच्या खाचेत पडणारे रक्ताचे थेंब.)

आता खरी मेख. लागण झालेलं मांजर महिनोन् महिने, कधी काही वर्षंही, अगदी झकास दिसतं. वर सांगितलेलं त्याच्यात काहीच नसतं, आणि तरी त्याच्या लाळेत विषाणू असतो. लक्षणांची वाट बघणं हा म्हणूनच या आजारात तोट्याचा व्यवहार आहे. जिन्याखाली सापडलेलं पिल्लू आधीच्या मांजरांत सोडण्यापूर्वी वेगळ्या खोलीत ठेवा आणि तपासून घ्या. रक्ताचे काही थेंब लागतात, साधारण दहा मिनिटांत उत्तर मिळतं. ही चाचणी विषाणूचं प्रथिन शोधते, त्यामुळे पिल्लू कितीही लहान असलं तरी चालते.

मात्र किटवर उमटलेल्या एका रेघेवर विसंबू नका. लागण नुकतीच झाली असेल, तर पहिली चाचणी चुकून निगेटिव्ह येते, म्हणून महिन्या-दीड महिन्याने पुन्हा करायची. पॉझिटिव्ह आली तरी दुसऱ्या पद्धतीने, बहुधा पीसीआरने (विषाणूचा जनुकीय मजकूर शोधणाऱ्या चाचणीने), खात्री करून घ्यायची. काही मांजरांचं शरीर विषाणूला दाबून टाकतं आणि पुढची चाचणी निगेटिव्ह येते. पहिल्याच रिपोर्टवर मांजराला कायमचं झोपवून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांकडे जावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

'आमच्या मांजराची सगळी इंजेक्शनं झालीत' हे वाक्य दवाखान्यात रोज ऐकू येतं. आपल्याकडे सर्रास दिली जाणारी तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया, हर्पिस आणि कॅलिसी या तीन विषाणूंसाठी आहे. ल्युकेमिया तिच्यात नाही. त्याची लस वेगळी, वयाच्या आठव्या आठवड्यापासून, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा. प्रत्येक दवाखान्यात ती मिळेलच असं नाही, विचारावं लागतं. लागण झालेल्या मांजराला तिचा उपयोग नाही, तेव्हा आधी चाचणी, मग लस.

(दृश्य : जाळी लावलेली बाल्कनी. करडी मांजरी उन्हात अंग चाटत बसली आहे.)

विषाणू शरीरातून काढून टाकेल असं औषध अजून नाही. हाडांच्या मगजात ठाण मांडलेल्या लागणीत बरीच मांजरं तीन वर्षांच्या आत जातात. काही त्याहून पुष्कळ जगतात, आणि त्यांच्या दिनक्रमात विशेष काही नसतं. घराबाहेर सोडायचं नाही, नसबंदी करून घ्यायची, कच्चं मटण, कच्ची मासळी द्यायची नाही. दर सहा महिन्यांनी वजन आणि रक्ततपासणी. साधी शिंक आली तरी आठवडाभर वाट बघायची नाही.

घरात दुसरं मांजर असेल, तर भांडी आणि ट्रे वेगळे, जमलं तर खोलीही वेगळी. शरीराबाहेर हा विषाणू फार टिकत नाही, सुकला की काही तासांत मरतो, साबणाच्या पाण्यानेही जातो. त्यामुळे भिंती घासत बसू नका. सोबत राहिलेल्या मांजराची चाचणी मात्र आज करा आणि निगेटिव्ह आली तरी महिन्या-दीड महिन्याने परत करा.