साडेसहाचा फोन

नमस्कार, श्रोतेहो.

आमचं कॉलेज लहान. विद्यार्थी थोडे, मैदान एकच. खो-खोत ज्या मुली पळतात त्याच कबड्डीत चढाई करतात आणि त्याच रिलेतही धावतात. सरावाच्या आधी त्यांच्यातलीच एखादी घमेलं घेऊन वाकते, दोरीच्या कडेने फक्की सोडत जाते. रेघ सरळ आली की मागे सरून एकदा डोळे बारीक करून बघते. मला ते बघायला फार आवडतं.

खो-खोत पळतीला टाळ्या मिळतात. तिने हुलकावणी दिली, खांबाला वळसा घालून निसटली, की सगळे ओरडतात. पण माझं लक्ष बसलेल्या आठजणींकडे असतं. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी पाठलाग करते आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे फिरू शकत नाही. म्हणून वेळेवर खो देणं हाच खरा खेळ. खो मिळण्याआधी उठलं की फाऊल, उशिरा उठलं तर पळती निसटली. आमच्या संघात सुरुवातीला एक मुलगी नेहमी अर्धा क्षण आधी उठायची. तिला मी महिनाभर धाववलंच नाही, फक्त बसवलं. पाठीवर हात पडेपर्यंत थांबायचं, एवढंच. आज ती आमची सगळ्यात भरवशाची आक्रमक आहे.

हे सगळं बडोद्यात घडतंय, याचा मला अभिमान वाटतो. सयाजीरावांच्या राजवटीत इथल्या आखाड्यांना बळ मिळालं. प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणलं. हुतूतूचे नियम ठरवून १९२३ साली अखिल भारतीय सामने याच शहरात भरले. खो-खोच्या नियमांतही पुण्याबरोबर बडोद्याच्या जिमखान्याचा हात होता. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला. कर्णधार होती प्रियांका इंगळे. तिथे मॅट होती आणि एका वेळी सातजणी खेळायच्या. आमच्याकडे माती आहे आणि नऊजणी. तो अंतिम सामना आमच्या मुलींनी एकाच मोबाईलवर, एकमेकींच्या खांद्यावर हनुवटी टेकवून पाहिला.

आता ज्यासाठी आज बोलायला आले, ते सांगते. साडेसहा वाजले की मैदानाच्या कडेला ठेवलेल्या दप्तरांमधले फोन वाजू लागतात. 'कुठे आहेस?' 'निघालीस का?' आईबापांची काळजी मला कळते, मीही एका मुलीची आई आहे. पण नियमांची उजळणी, वॉर्मअप होईपर्यंत सहा वाजलेले असतात. उरलेल्या अर्ध्या तासात संघ तयार होत नाही. गेल्या वर्षी दोन चांगल्या खेळाडू याच कारणाने सुटल्या. गुण होते, जिद्द होती, वेळ नव्हता.

मग दांडिया बाजारातल्या एका आईनेच तोडगा काढला. सोमवारी आणि गुरुवारी ती स्वतः मैदानावर येऊन बसते. सोबत भाखरीचा डबा असतो, तो सगळ्यांत वाटला जातो. दुसरी एक आई मंगळवार-शुक्रवार सांभाळते. साडेसात वाजता मुली त्यांच्याबरोबर गटाने घरी जातात, आणि फोन वाजत नाहीत.

बुधवार आणि शनिवार मात्र अजून रिकामे आहेत. तुमची मुलगी कुठल्याही कॉलेजच्या संघात असो, आठवड्यातली एक संध्याकाळ तिच्या मैदानावर जाऊन बसा. आमच्याकडे आलात तर कडुनिंबाखाली बाक आहे, आणि डबा नाही आणला तरी चालेल.