स्टॉयकोविचने न मारलेली पेनल्टी

सन्माननीय अध्यक्ष, व्याख्यानमालेचे संयोजक आणि फुटबॉलवर जीव असलेल्या कोल्हापूरकर श्रोतेहो,

आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय 'क्रीडाबंदी आणि खेळाडूचे आयुष्य' असा आहे. एखाद्या देशाला मैदानातून बाहेर काढले जाते तेव्हा त्याची किंमत नेमकी कोण चुकवतो, हा माझा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मी सर्बियाच्या द्रागान स्टॉयकोविच या एका खेळाडूच्या कारकिर्दीत शोधणार आहे. इतर गावांत हा विषय मांडायचा तर आधी ऑफसाइड समजावून सांगावा लागतो. इथे तो वेळ वाचतो, म्हणून तो सगळा वेळ मी बारी शहरातल्या एका रात्रीवर खर्च करणार आहे, कारण त्या रात्रीबद्दल गेली कित्येक वर्षे जे बोलले जाते ते मला मान्य नाही.

स्टॉयकोविचचा जन्म ३ मार्च १९६५ चा, दक्षिण सर्बियातल्या निश शहरातला. लहानपणी तो कार्टूनमधल्या एका उंदराचा इतका चाहता होता की त्या उंदराचे 'पिक्सी' हे नाव त्याला कायमचे चिकटले आणि पुढे जपानमधल्या प्रेक्षकांनीही त्याला याच नावाने हाका मारल्या. निशच्या राडनिच्की या संघाकडून खेळून तो १९८६ मध्ये बेलग्रेडच्या रेड स्टारमध्ये आला. हा क्लब आपल्या मोजक्याच थोर खेळाडूंना 'क्लबचा तारा' असा मान देतो. रायको मितिच, ड्रागोस्लाव्ह शेकुलारात्स, ड्रागान जायिच आणि व्लादिमिर पेत्रोविच यांच्यानंतर पाचवा तारा स्टॉयकोविच झाला. अवघी चार वर्षे खेळून हा मान मिळाला, यावरून त्या चार वर्षांत त्याने काय केले असेल याची कल्पना यावी. त्यातले एक उदाहरण सांगतो. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये बेलग्रेडला मिलानविरुद्धचा युरोपियन चषकाचा सामना रेड स्टार एका गोलने पुढे असताना दाट धुक्यामुळे थांबवावा लागला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटापासून पुन्हा खेळवला गेला. त्या फेरखेळात बरोबरीचा गोल स्टॉयकोविचने केला, मात्र पेनल्टींवर सामना मिलानने जिंकला आणि पुढे तो चषकही त्यांनीच नेला.

तो पायाने काय करू शकत होता ते समजण्यासाठी २६ जून १९९० च्या व्हेरोनातल्या सामन्याकडे पाहावे लागते. सर्बिया तेव्हा युगोस्लाव्हिया या देशाचा भाग होता. विश्वचषकाच्या बाद फेरीत युगोस्लाव्हियासमोर स्पेन होता आणि ७८ व्या मिनिटापर्यंत गोल झालेला नव्हता. डावीकडून आलेला क्रॉस एका डोक्याला लागून मागे उजव्या बाजूला पडू लागला. स्टॉयकोविच तिथे मोकळा उभा होता. चेंडू हवेतूनच जोरात मारणे, हे अशा वेळी कोणीही करील. स्पेनचा मार्टिन वाझ्केझही तेच गृहीत धरून जिवाच्या आकांताने घसरत आडवा आला. स्टॉयकोविचने पाय मागे नेला, पण फटका मारण्याऐवजी चेंडू पायाखाली अलगद थांबवला. वाझ्केझ त्याच्यासमोरून घसरत निघून गेला आणि मग, सगळे घाईत असताना एकट्याला घाई नसावी तसा, त्याने चेंडू गोलरक्षक झुबिझारेटाच्या बाजूने जाळ्यात सारला. स्पेनने बरोबरी साधली, पण जादा वेळेच्या सुरुवातीलाच स्टॉयकोविचने भिंतीला वळसा घालून मारलेल्या फ्री किकने सामना २-१ असा संपवला.

त्यानंतर चारच दिवसांनी, ३० जूनला, फ्लोरेन्समध्ये अर्जेंटिनाशी उपांत्यपूर्व सामना झाला. शबानाजोविचला ३१ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले आणि उरलेला सगळा वेळ, जादा वेळेसह, युगोस्लाव्हिया दहा जणांनिशी खेळला. गोल कोणाचाच झाला नाही. पेनल्टींमध्ये युगोस्लाव्हियाची पहिली पेनल्टी स्टॉयकोविचने मारली आणि चेंडू आडव्या खांबावर आदळला. त्या दिवशी खुद्द मॅराडोनाचीही पेनल्टी अडवली गेली होती, तरी अर्जेंटिना ३-२ ने जिंकला. फ्लोरेन्समधली ही चूक लक्षात ठेवा, कारण बारीच्या रात्रीचा सगळा वाद तिच्यावर उभा आहे.

त्याच उन्हाळ्यात मार्सेय या फ्रेंच क्लबने मोठी किंमत मोजून स्टॉयकोविचला रेड स्टारकडून घेतले. गुडघ्याच्या दुखापतीने त्याचा पहिला हंगाम बराचसा वाया गेला. आणि मग तो योग आला जो कोणत्याही खेळाडूवर येऊ नये. २९ मे १९९१ रोजी, इटलीतल्या बारी शहरात, युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात मार्सेयसमोर रेड स्टार उभा राहिला. पेठेतला पोरगा तालमीचा फुटबॉल संघ बदलतो आणि पुढच्याच हंगामात जुन्या तालमीच्या संघासमोर उतरतो तेव्हा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत काय होते, ते तुम्ही पाहिलेले आहे. इथे पणाला युरोपचा सर्वांत मोठा चषक होता आणि समोर प्रोसिनेच्की, सावीचेविच, पांचेव, युगोविच, मिहायलोविच असे एक-एक हिरे होते, ज्यांतल्या बहुतेकांबरोबर तो काही महिन्यांपूर्वीपर्यंत एकाच कपडे बदलण्याच्या खोलीत बसत होता.

सामना मात्र कंटाळवाणा झाला. उपांत्य फेरीत बायर्न म्युनिकला हरवून आलेला रेड स्टार त्या रात्री बचावालाच बसला आणि १२० मिनिटांत गोल झाला नाही. ११२ व्या मिनिटाला मार्सेयचे प्रशिक्षक रेमों गोथाल्स यांनी डी मेकोला बाहेर घेऊन स्टॉयकोविचला आत पाठवले. आठ मिनिटे उरलेली असताना असा खेळाडू आत पाठवण्याचा हेतू उघड दिसतो: पेनल्टी मारायला एक कसलेला पाय हवा होता. पण स्टॉयकोविचने ज्या क्लबने आपल्याला घडवले त्याच्याविरुद्ध पेनल्टी मारण्यास नकार दिला.

मार्सेयची पहिली पेनल्टी आमोरोसने मारली आणि रेड स्टारचा गोलरक्षक स्टोयानोविचने ती अडवली. मार्सेयकडून पुढे काझोनी, पापँ आणि मोझर यांनी गोल केले. रेड स्टारकडून प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहायलोविच आणि शेवटी पांचेव, पाचही जणांनी केले. ५-३. रेड स्टार युरोपचा विजेता ठरला.

आता माझी तक्रार. 'फ्लोरेन्समध्ये पेनल्टी चुकवलेला माणूस वर्षभरात पुन्हा त्या खुणेजवळ जायला घाबरला आणि निष्ठेचे निमित्त पुढे केले' असे सांगणारे मला या महाराष्ट्रातही भेटले आहेत. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाने या सामन्यावर माझा लेख मागवला. मी सविस्तर लिहिला आणि छापून आला तेव्हा वर मथळा होता 'पळपुटा'. मजकूर माझा, मथळा त्यांचा, आणि वाचकांची पत्रे आली ती मथळ्याच्या बाजूने. मी संपादकांना विचारले तेव्हा, 'वाचक थांबला पाहिजे ना,' एवढेच उत्तर मिळाले. त्या एका शब्दाचा मला आजही राग आहे, आणि तो का, ते आज सांगून टाकतो.

घाबरलेल्या खेळाडूला लपायला सोप्या जागा असतात. पायात गोळा आला म्हणावे, पाचवा क्रमांक मागावा आणि आपली पाळी येण्याआधीच निकाल लागेल अशी आशा धरावी. त्या रात्री तर पाचव्या क्रमांकापर्यंत मार्सेयची पाळी पोहोचलीही नाही. स्टॉयकोविचने यांतली एकही जागा शोधली नाही. त्याने कारण सांगून नकार दिला, त्यामुळे मार्सेयमध्ये होणारा सगळा रोष आपल्या नावावर घेतला आणि पुढचा हंगाम व्हेरोना क्लबकडून उसनवारीवर खेळून काढला. त्याच्या मनात भीती नव्हतीच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, माणूस होता. पण आपल्या जुन्या सोबत्यांच्या गोलरक्षकासमोर उभे राहून त्याला हरवण्याची इच्छाच होत नसेल, तर तसे बोलून दाखवणे ही मला त्या अख्ख्या सामन्यातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. मार्सेयचे प्रेक्षक चिडले तो त्यांचा हक्क होता, त्यांच्या क्लबने त्याचा पगार दिला होता. माझे भांडण त्यांच्याशी नाही, नकाराला पळ काढणे म्हणणाऱ्यांशी आहे.

त्या रात्री बारीत चषक उचलणारा संघ कसा होता तेही सांगितले पाहिजे. पांचेव आणि नायदोस्की मॅसेडोनियाचे, सावीचेविच मॉन्टेनेग्रोचा, बेलोदेदिच रोमानियातून पळून आलेला, मिहायलोविच व्हुकोव्हारजवळच्या वस्तीत वाढलेला, आई क्रोएट आणि वडील सर्ब. या सामन्यानंतर महिनाही उलटला नाही आणि २५ जून १९९१ रोजी स्लोव्हेनिया व क्रोएशियाने युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य जाहीर केले.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरली आहेत. मुख्य मुद्दा आता थोडक्यात मांडावा लागेल.

युगोस्लाव्हियाने १९९२ च्या युरो स्पर्धेची पात्रता फेरी डेन्मार्कच्या वर एका गुणाने जिंकली होती. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियाची राजधानी सारायेव्होचा वेढा सुरू झाला. राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक इव्हित्सा ओसिम सारायेव्होचे होते. त्यांची पत्नी आणि मुलगी त्या वेढ्यात अडकली होती आणि मे महिन्यात त्यांनी पद सोडले. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने बोस्नियातल्या युद्धाबद्दल युगोस्लाव्हियावर निर्बंध लादणारा ठराव क्रमांक ७५७ मंजूर केला, त्यात खेळांवरील बंदीही होती. युगोस्लाव्हियाचा संघ तोवर स्वीडनला पोहोचला होता, त्याला परत पाठवले गेले. जागा डेन्मार्कला मिळाली आणि २६ जूनला डेन्मार्क युरोपचा विजेता झाला. स्टॉयकोविच तेव्हा २७ वर्षांचा होता. १९९४ चा विश्वचषकही बंदीत गेला. मार्च १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमला खेळलेला हा संघ त्यानंतर थेट २३ डिसेंबर १९९४ ला पोर्तो अलेग्रेत ब्राझीलसमोर उतरला. मधली जवळपास पावणेतीन वर्षे म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूचा ऐन बहर असतो.

आता माझा आक्षेप नीट समजून घ्या. सारायेव्होत माणसे मरत होती आणि त्या दुःखापुढे एखाद्या खेळाडूची हुकलेली स्पर्धा मांडणे शोभणार नाही. बंदी घालूच नये असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे तिच्या न्यायाविषयी आहे. ठराव मंजूर झाल्यानंतर आठवडाभरात नोव्ही सादची मोनिका सेलेस पॅरिसमध्ये फ्रेंच ओपन जिंकत होती. जुलैमध्ये बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाच्या खेळाडूंना देशाच्या नावाशिवाय, स्वतंत्र म्हणून, उतरू दिले गेले आणि नेमबाज यास्ना शेकारिचने रौप्यपदक मिळवले. एकट्याने खेळणाऱ्याला परवानगी आणि संघाने खेळणाऱ्याला बंदी, ही रेघ का आखली गेली ते मला समजते: संघ म्हणजे देशाचा झेंडा. पण संघातला माणूसही एकटाच म्हातारा होतो. फुटबॉलपटूच्या राष्ट्रीय संघातल्या कारकिर्दीला जेमतेम दहा-बारा वर्षे असतात आणि सरकारच्या अपराधाचा दंड त्यातून वसूल केला जातो. ओसिम यांनी स्वतःहून नाकारले, स्टॉयकोविचने बारीत स्वतःहून नाकारले. १९९२ मध्ये मात्र त्याला कोणी विचारलेच नाही. आपल्या क्रीडालेखनात या दोन्ही गोष्टी 'खेळला नाही' अशा एकाच रकान्यात टाकल्या जातात, त्याला माझा विरोध आहे. विक्रमांच्या तक्त्यात त्याच्या नावावर ८४ आंतरराष्ट्रीय सामने आणि १५ गोल दिसतात. त्या आकड्यांशेजारी बंदीची वर्षे छापली पाहिजेत, जशी महायुद्धामुळे वाया गेलेली वर्षे क्रिकेटपटूंच्या नावापुढे आपण आपसूक धरतो.

पुढचे भराभर सांगतो. मार्सेय लाचखोरीच्या प्रकरणात १९९४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि स्टॉयकोविच जपानच्या नागोया ग्राम्पसकडे गेला. त्याच वर्षी पावसाने तुंबलेल्या मैदानावर चेंडू घरंगळेना, तेव्हा त्याने तो पाण्यावर पडूच दिला नाही, पायावर झेलत-झेलत पुढे नेला. ते चित्रीकरण उपलब्ध आहे, घरी गेल्यावर जरूर पाहा. १९९५ मध्ये प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्या हाताखाली तो जपानी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९९८ च्या विश्वचषकात तो ३३ व्या वर्षी युगोस्लाव्हियाचा कर्णधार होता आणि जर्मनीविरुद्ध त्याने गोल केला. २००१ मध्ये तो निवृत्त झाला. पुढे प्रशिक्षक म्हणून त्याने २०१० मध्ये नागोयाला पहिले लीग विजेतेपद मिळवून दिले. त्याच्या आदल्या वर्षी योकोहामात बाहेर येणारा चेंडू त्याने सूट आणि कातडी बुटांत, बाकापाशी उभ्या-उभ्या, हवेतूनच थेट समोरच्या गोलात मारला. पंचांनी त्याला बाहेर काढले. नियमाप्रमाणे ते योग्यच होते, पण आपल्यापैकी कोणीही टाळ्या वाजवल्या असत्या.

मार्च २०२१ मध्ये तो सर्बियाचा प्रशिक्षक झाला. त्या नोव्हेंबरमध्ये लिस्बनला पोर्तुगालला ९० व्या मिनिटाच्या मित्रोविचच्या गोलने २-१ हरवून त्याने संघाला विश्वचषकात नेले, आणि पुढे २०२४ च्या युरोत. सर्बियाचा तिथला शेवटचा साखळी सामना २५ जूनला म्युनिकमध्ये डेन्मार्कशीच होता. तो ०-० सुटला, डेन्मार्क पुढे गेला आणि सर्बिया गटात तळाला राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये लेस्कोवात्सला अल्बेनियाकडून हरल्यानंतर त्याने पद सोडले. त्या पराभवाची टीका त्याच्यावर जरूर व्हावी, कारण तो संघ त्याने निवडला होता आणि ते डावपेच त्याचे होते. १९९२ आणि १९९४ मात्र त्याच्या खात्यावर मांडू नका.

अध्यक्षांच्या परवानगीने आता प्रश्न घेतो. बारीबद्दल ज्यांचे मत माझ्याविरुद्ध आहे त्यांनी कृपया आधी विचारावे.