विकत घेतलेल्या गाण्याचं लॉक तोडलं तर केस होते का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून मी परत हजर. रामबागेतल्या एका काकांनी विचारलंय की भाच्याने 2006 मधे अमेरिकेत आयट्यून्सवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन दुकानात, गाणी घेतली आणि पुढे तो लॅपटॉपच काकांना देऊन टाकला, आता त्या एम-फोर-पी फाइली गाडीत वाजत नाहीत, मग जेल रोडवरच्या एखाद्या दुकानदाराकडून लॉक काढून घेतलं तर पोलीस येतील का.

एम-फोर-पी म्हणजे ॲपलचं फेअरप्ले लॉक लावलेली फाइल. 2003 मधे स्टोअर उघडलं, गाणं 99 सेंटला, पण पैसे तुमचे आणि वाजणार कुठे ते ॲपल ठरवणार, म्हणजे आयपॉड सोडून दुसरा प्लेयर घेतला की बोंबला. 2004 मधे प्लेफेअर नावाचं सॉफ्टवेअर आलं, ते तुमचीच फाइल तुमच्याच किल्लीने उघडायचं. ॲपलच्या वकिलांनी ते सोर्सफोर्ज ह्या सॉफ्टवेअर ठेवायच्या साइटवरून काढायला लावलं, मग ते आलं कुठे माहितीये? भारतात! सरोवर डॉट ऑर्ग ह्या तसल्याच साइटवर. मागोमाग नोटीसही आलीच.

कारण अमेरिकेचा 1998 चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा, तिथे थोड्या सवलती सोडल्या तर लॉक तोडणं हेच बेकायदा, तुम्ही का तोडलं ते कोण विचारतो. त्याच 2004 मधे रिअलनेटवर्क्स ह्या ऑनलाइन गाणी विकणाऱ्या दुसऱ्या कंपनीने आपली गाणी आयपॉडवर वाजवून दाखवली तर ॲपल म्हणालं ही हॅकरगिरी आहे आणि अपडेट टाकून ते बंद पाडलं. आयपॉडवाल्या ग्राहकांनी 2005 मधे ॲपलला कोर्टात खेचलं, निकाल लागला डिसेंबर 2014 ला, ॲपलच्या बाजूने, आणि गंमत म्हणजे गाण्यांवरचं लॉक ॲपलने स्वतःच 2009 मधे काढून टाकलेलं!

आता आपल्याकडचं. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम 65ए आलं. लॉक तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कॉपीराइटचा हक्क मोडायच्या इराद्याने तोडलं तरच, हे नीट ऐका. कायद्यात जे साफ मना नाही त्यासाठी तोडलं तर हे कलम आड येत नाही, आणि स्वतःपुरत्या वापराला कलम 52 मधे जागा आहे. मला हा आपला कायदा अमेरिकेपेक्षा शहाणा वाटतो. म्हणजे काका, स्वतःच्या गाडीत ऐकायला काढलंत तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे, पेनड्राइव्हवर भरून विकायला लागलात तर नाही.

पण त्याच कलमात एक भारी अट आहे. दुसऱ्याला लॉक काढून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, कशासाठी काढलं, सगळी नोंद ठेवायची. आता जेल रोडवर जाऊन म्हणा, भिया जरा रजिस्टर दाखव!

त्यापेक्षा आयट्यून्समधूनच ऑडिओ सीडी बर्न करा, ती मुभा ॲपलनेच दिलेली, फक्त लॅपटॉप भाच्याच्या अकाउंटवर चालू पाहिजे. आणि सबस्क्रिप्शनवाल्या ॲपमधली डाउनलोड गाणी ह्यात धरू नका हां, ती तुम्ही विकत घेतलेलीच नाहीत.