टीव्हीला कूळकायदा नाही: गाण्याची स्पर्धा वाहिनी बदलते तेव्हा

(दृश्य: मुंबई-गोवा महामार्ग. पाऊस. गाडी सावर्डे मागे टाकून संगमेश्वरच्या दिशेने निघाली आहे.)

चिपळूण सुटलं, सावर्डे मागे पडलं, की संगमेश्वरच्या अलीकडे आरवली लागतं. गरम पाण्याची कुंडं ही या गावाची जुनी ओळख. २००८ साली तिच्यात एका मुलाची भर पडली. प्रथमेश लघाटे. झी मराठीवरच्या ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’मध्ये तो गायला उभा राहिला. त्याच मंचावर अलिबागची मुग्धा वैशंपायन होती. सोबत कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर आणि रोहित राऊत. या पाच जणांना महाराष्ट्राने पंचरत्न म्हटलं. २००९च्या फेब्रुवारीत महाअंतिम सोहळा झाला आणि कार्तिकी जिंकली. निकाल काहीही लागो, रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांचं एकेक पोर शेवटच्या पाचात होतं. तेवढ्यावर कोकण खूश. पुढे ती दोघं मोठी झाली आणि २०२३च्या डिसेंबरात एकमेकांशी लग्न करून मोकळीही झाली.

गंमत म्हणजे, त्या दिवसांत आरवलीत किती घरांत हा कार्यक्रम लागत होता, हे मोजणारं कुणी नव्हतं. प्रेक्षकांचे आकडे तेव्हा शहरांपुरते निघायचे. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेने २०१५च्या ऑक्टोबरपासून ग्रामीण आकडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे खेड्यातला टीव्ही हिशेबात आला. म्हणजे ज्या गावाने आपल्या मुलासाठी जेवणाची वेळ बदलली असेल, त्या गावाचं पाहणं जाहिरातदाराच्या लेखी शून्य होतं.

(दृश्य: कुडाळ बाजारपेठ. केबलचं लहानसं दुकान. भिंतीवर गुंडाळलेल्या वायरी, काउंटरवर उघडलेला सेट-टॉप बॉक्स.)

आमचा प्रश्न इथे सुरू झाला. पॅकचे पैसे भरायला आलेल्या एका काकींनी दुकानदाराला सहज विचारलं, “तो गाण्याचो प्रोग्राम दुसऱ्या चॅनलार जातलो म्हणतत, खरा काय ता?”

दुकानदार हसला. “माका कित्याक इचारतास, काकी? माज्याकडे वायर आसा, चॅनल नाय.”

काकींची शंका मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा प्रतिस्पर्धी वाहिनीकडे जाऊ शकते का? जाते. भारतात गेलेली आहे.

‘द व्हॉइस इंडिया’ २०१५ साली अँड टीव्हीवर सुरू झाली. ही वाहिनी झी समूहाची. परीक्षक पाठ करून लाल खुर्चीत बसायचे आणि गाणं आवडलं तर बटण दाबून वळायचे, ती हीच स्पर्धा. २०१९ साली ती खुर्च्यांसकट स्टार प्लसवर दिसली, तेव्हा ए. आर. रहमान तिचे महागुरू होते. गाण्याबाहेर पाहिलं तर यादी लांबते. ‘बिग बॉस’ सोनीवरून कलर्सवर गेला. ‘झलक दिखला जा’ही त्याच वाटेने कलर्सवर गेला आणि बऱ्याच वर्षांनी सोनीवर परतला. ‘इंडियाज गॉट टॅलेंट’ने उलटी वाट धरली, कलर्सवरून सोनी. ‘कौन बनेगा करोडपती’ २००० साली स्टार प्लसवर सुरू झाला होता, हे आज विशीतल्या मुलांना सांगावं लागतं.

मग एखादी स्पर्धा सहज हलते आणि दुसरी पंचवीस-तीस वर्षं जागची हलत नाही, असं का?

(दृश्य: भाताचं खाचर. लावणी चालू आहे.)

कोकणातल्या माणसाला हे शेताच्या भाषेत चटकन कळेल. जमीन एकाची, कसणारा दुसरा. १९४८चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कूळ जमिनीचं मालक होण्याची वाट खुली झाली. त्याचे दावे आजही तहसील कचेरीत चालू असतात, तो विषय वेगळा. टीव्हीला असा कायदा नाही. वाहिनीने दहा वर्षं एखादी स्पर्धा कसली, तिला नाव मिळवून दिलं, दर हंगामाला कोट्यवधी ओतले, तरी करार संपला की सातबारा मूळ मालकाच्याच नावावर.

हा मालक बहुतेक वेळा परदेशात असतो. तो गाणी विकत नाही. कार्यक्रमाचा साचा तो भाड्याने देतो. या धंद्यात त्याला फॉरमॅट म्हणतात. सोबत एक जाडजूड पोथी येते, तिला चक्क ‘बायबल’ म्हणतात. मंच कसा उभारायचा, फेऱ्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या, दिवे कधी मंद करायचे, निकालाआधी किती ताणायचं, सगळं तिच्यात. त्या पोथीबरहुकूम प्रत्यक्ष भाग तयार करते निर्मिती संस्था. वाहिनी पैसे मोजते आणि दाखवते. तिघांचे कागद वेगवेगळे. भाडं ठरावीक देशापुरतं, ठरावीक भाषेपुरतं, ठरावीक मुदतीचं. मुदत संपताना आहे त्या वाहिनीला पहिली संधी देण्याची अट करारात असू शकते. ती तिने घेतली नाही किंवा भाव जमला नाही, की मालक दुसरं दार वाजवायला मोकळा.

‘इंडियन आयडल’ हे असं भाड्याचं शेत. मूळ ब्रिटनमधलं, २००१च्या ‘पॉप आयडल’चं. आपल्याकडे २००४ साली सोनीवर आलं आणि पहिला विजेता ठरला मुंबईचा अभिजीत सावंत. मराठीत ते सोनी मराठीवर आलं. अजय-अतुल परीक्षक होते आणि २०२२च्या एप्रिलमध्ये पनवेलचा सागर म्हात्रे जिंकला. कोकणाच्या उंबरठ्यावरचा मुलगा, म्हणून आम्ही त्याला आमच्यात धरतो. सोनीने हे नाव वर्षानुवर्षं सांभाळलंय, त्यामुळे ते सोनीचंच वाटतं. अमेरिकेतही ‘अमेरिकन आयडल’ फॉक्सचंच वाटायचं. २००२ ते २०१६ ते फॉक्सवर चाललं. फॉक्सने थांबवलं आणि २०१८ साली ते एबीसीवर सुरू झालं. निवेदक रायन सीक्रेस्ट तोच. परीक्षक सगळे नवे.

पण सगळ्यांत हुशार चाल आयटीव्हीने खेळली. ब्रिटनमध्ये ‘द व्हॉइस’ बीबीसीवर लागायची. २०१५ साली आयटीव्हीने त्या साच्याची मालक असलेली तालपा ही डच कंपनीच विकत घेतली. स्पर्धा मागायला कुणाच्या दारात जावंच लागलं नाही. बीबीसीची मुदत संपली आणि २०१७ पासून ‘द व्हॉइस’ आयटीव्हीवर. करोडपतीची कुंडली याच वळणाची आहे. त्याच्या मूळ ब्रिटिश खेळाचे हक्क असलेली कंपनी सोनी समूहाने २००८ साली घेतली आणि २०१० साली अमिताभ बच्चन सोनीच्या पडद्यावर ‘देवियों और सज्जनों’ म्हणताना दिसले. तेव्हा “अमिताभने चॅनल बदललं” अशी चर्चा घरोघर होती.

(दृश्य: जुना टीव्ही, काळा-करडा पडदा. आवाज फक्त तंबोऱ्याचा.)

आता कुणी म्हणेल, इतकं भाडं भरायचं कशाला? मुलांना बोलवा, गायला लावा, तीन माणसं खुर्चीत बसवा, झाली स्पर्धा! कायदा बऱ्याच अंशी याच बाजूचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात सांगितलं की नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो. गाण्याच्या आणि गुणांच्या स्पर्धेवरूनच एक खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या वरिष्ठ अपील न्यायालयापर्यंत गेला होता. ह्यूई ग्रीन हे ब्रिटनमध्ये ‘ऑपॉर्च्युनिटी नॉक्स’ नावाची स्पर्धा चालवायचे. टाळ्यांचा जोर दाखवणारं एक यंत्रही त्यांच्याकडे होतं. न्यूझीलंडच्या प्रसारण संस्थेने तशीच स्पर्धा त्याच नावाने केली. ग्रीन कोर्टात गेले आणि १९८९ साली हरले. ठरावीक वाक्यं, ते यंत्र, कार्यक्रमाची ठेवण, एवढ्यावर कॉपीराइट सांगता येणार नाही, असं कौन्सिलने ठरवलं.

तरीही वाहिन्या भाडं भरतात. नाव, बोधचिन्ह आणि ओळखीची धून यांना ट्रेडमार्क व कॉपीराइटचं कुंपण असतं आणि प्रेक्षक त्या कुंपणाकडे पाहूनच आत येतो. शिवाय पोथी तयार असली की चुका कमी होतात. माझं मत विचाराल तर तिसरं कारण सर्वांत खरं आहे. जगभर चाललेला कार्यक्रम जाहिरातदाराला विकणं सोपं. नवा कार्यक्रम पडला तर कुणाची तरी नोकरी जाते, आणलेला पडला तर दोष प्रेक्षकाच्या अभिरुचीला देता येतो.

अस्सल देशी स्पर्धेचं गणित निराळं. ‘सा रे ग म’ १ मे १९९५ला झी टीव्हीवर सुरू झालं, सूत्रसंचालक सोनू निगम. दिग्दर्शक गजेंद्र सिंह. हे शेत वाहिनीच्या मालकीचं. झीने स्वतः विकल्याशिवाय ‘सा रे ग म प’ सोनीवर जाणार नाही, स्टारवर जाणार नाही. कुडाळच्या काकींचा प्रोग्राम हा असेल, तर त्यांना सरळ उत्तर हेच.

माणसं मात्र जातात. गजेंद्र सिंह गेले. २००७ साली त्यांनी स्टार प्लससाठी ‘व्हॉइस ऑफ इंडिया’ केलं. त्याच वर्षी स्टार वनवर त्यांची ‘अंताक्षरी’ आली, सूत्रधार अन्नू कपूर. हेच अन्नू कपूर १९९३ पासून झीवर अंताक्षरी खेळवत होते. ‘बैठे बैठे क्या करें’ म्हणत सहलीच्या बसमध्ये खेळायचा तो खेळ, त्यावर मालकी कोण सांगणार? मराठीतही तेच. पंचरत्नांना गुण देणारे दोघे परीक्षक आठवा. अवधूत गुप्ते पुढे कलर्स मराठीच्या ‘सूर नवा ध्यास नवा’मध्ये बसले. वैशाली सामंत स्टार प्रवाहच्या ‘मी होणार सुपरस्टार – छोटे उस्ताद’मध्ये. स्पर्धा झीकडेच राहिली, तिचे चेहरे मात्र शेजारच्या दोन घरांत पोचले.

एकदा तर घरंच एक व्हायला निघाली होती. झी आणि सोनी यांच्या विलीनीकरणाचा करार २०२१च्या डिसेंबरात झाला. २०२२च्या ऑक्टोबरात स्पर्धा आयोगाने, म्हणजे बाजारातल्या मक्तेदारीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, अटी घालून होकार दिला. तीन वाहिन्या विकायच्या, बाकी चालेल. म्हणजे ‘सा रे ग म प’ आणि ‘इंडियन आयडल’ एकाच मालकाच्या ओसरीवर येणार होती. मग कुठली कुणाची प्रतिस्पर्धी? पुढे अटींवरून बिनसलं आणि २२ जानेवारी २०२४ला सोनीने करार मोडला. त्या दिवशी देशभरच्या टीव्हीवर अयोध्या होती, त्यामुळे ही बातमी कोकणात कुणाच्या कानावर गेली असेल तर नवल. दहा महिन्यांनी स्टार आणि कलर्सवाली व्हायकॉम१८ मात्र खरोखर एक झाले. स्टार प्लस आणि कलर्स ही कालची वैरी घरं आज जिओस्टारमध्ये शेजारी नांदतात. यापुढे एखादी स्पर्धा या पडद्यावरून त्या पडद्यावर गेली, तर आधी विचारावं लागेल की ती घराबाहेर गेली, की नुसती माजघरातून पडवीत आली.

(दृश्य: कणकवलीजवळचं गाव. देवळापुढचा मांडव. समोरासमोर दोन भजनी मंडळं. पेटी, पखवाज, झांजा.)

सिंधुदुर्गात गाण्याची एक स्पर्धा टीव्हीच्या कितीतरी आधीपासून आहे. डबलबारी. दोन बुवा, दोन मंडळं, एक मांडव. एकाने गजर उचलायचा, दुसऱ्याने त्याला तोडीस तोड उत्तर द्यायचं. रात्र सरत जाते, कोपरखळ्या वाढत जातात. गुण देणारा परीक्षक बहुधा नसतोच, कोण वरचढ ठरला ते मांडवाला कळतं. पूर्वी तिच्या कॅसेटी निघायच्या, मग सीडी, आता यूट्यूब. या साच्याचा मालक कुणी नाही. उद्या कुठल्याही गावाने मांडव घातला तरी कुणाला भाडं द्यायला नको.

बारीच्या मधल्या वेळेत एका बुवांना आम्ही वाहिन्यांबद्दल विचारलं. पानाला चुना लावत ते म्हणाले, “पेटी माजी, गळो माजो. चॅनल खंयचोय असां दे.”

त्यांच्या मंडळातली कॉलेजातली पोरगी टीव्हीच्या ऑडिशनला जायचं म्हणत होती. तिचं प्रकरण बुवांइतकं सोपं नाही. निवड झालेल्या स्पर्धकाकडून करारावर सही घेतली जाते. ठरावीक काळ दुसऱ्या वाहिनीवर गायचं नाही, बाहेरचे कार्यक्रम विचारून घ्यायचे, मंचावरच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण कार्यक्रमवाल्यांचं, अशा अटी या धंद्यात सर्रास असतात. स्पर्धा पुढच्या हंगामात दुसरीकडे गेली, तरी मागच्या हंगामात गायलेली गाणी जुन्या घरीच राहतात. हर्षवर्धन नवाथेने २००० साली जिंकलेला एक कोटीचा क्षण स्टारच्या पडद्यावरचा आहे, करोडपती सोनीवर गेला म्हणून तो क्षण आपोआप सोनीचा होत नाही.

(दृश्य: पुन्हा केबलचं दुकान.)

घरी बसलेल्या प्रेक्षकाला किती झळ लागते? फार नाही, असं दुकानदाराचं म्हणणं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१९च्या नियमांपासून कुठली वाहिनी घ्यायची ते ग्राहक ठरवतो. बहुतेक घरांत एक मराठी पॅक असतो आणि त्यात मोठ्या वाहिन्या येतातच. खोळंबा होतो तो हिंदीसाठी, कारण वेगळ्या समूहाची वाहिनी म्हणजे बिलात भर. डिशवाल्यांची तक्रार आणखी निराळी. आषाढात पावसाची सर जोरात आली की सिग्नलच जातो, मग स्पर्धा कुठल्याही वाहिनीवर असो.

काकींनी आपलं बिल भरलं. कार्यक्रम गेलाच तर नव्या वाहिनीचा नंबर फोन करून कळव, असं दुकानदाराला बजावलं. त्याने वहीत त्यांच्या नावापुढे तशी नोंद केली. त्याच पानावर अशी आणखी चार नावं आधीच होती.