१०७ सेकंदांचं आकाश

नमस्कार मंडळी, नमस्कार राजेहो. ज्यांच्या घरी अजून जुना रेडिओ आहे त्यांना माहीतच आहे, आपलं नागपूर मीडियम वेव्हवर ५८५ किलोहर्ट्झला लागतं, काटा जरा इकडेतिकडे झाला की नुसती खरखर. आज मी त्या खरखरीबद्दलच बोलणार आहे, म्हणजे आकाशातून येणाऱ्या खरखरीबद्दल, अन् वर्षानुवर्षं घरी बसून ती खरखर चाळत राहिलेल्या आम्हा पाचसहा नागपूरकरांबद्दल.

प्रोजेक्टचं नाव सेटी ॲट होम, म्हणजे परग्रहावरून कोणाची हाक येते का ते घरच्या कॉम्प्युटरवर शोधायचं. १७ मे १९९९ ला अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधून तो सुरू झाला अन् ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवीन काम वाटणं थांबवलं. म्हणजे जवळजवळ एकवीस वर्षं. सुरुवातीला त्यांचा हिशोब पन्नास हजार लोक येतील असा होता, आले दहा लाखांच्या वर, अन् शेवटपर्यंत एकूण आकडा पन्नास लाखांच्या पलीकडे गेला. ना पगार ना बक्षीस. तुमचा कॉम्प्युटर रिकामा पडलाय ना, मग तेवढा वेळ आम्हाला द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

काम काय होतं ते सांगतो. पोर्टो रिको बेटावर आरेसिबो नावाची जागा, तिथे डोंगरांमधल्या खोलगटात ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. दुसरे शास्त्रज्ञ आपापल्या कामासाठी तिचं तोंड जिकडे वळवतील तिकडचं आकाश आपणही ऐकायचं, सेटीवाल्यांचा असा डबलसीट कारभार. ऐकायचं १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास. ही हायड्रोजनमधून निघणाऱ्या रेडिओ लहरींची खूण, लहरीची लांबी २१ सेंटीमीटर, आपली एक वीत धरा. विश्वात सगळ्यात जास्त हायड्रोजनच आहे, त्यामुळे जो कोणी कुठेही आकाशाचा अभ्यास करत असेल त्याला ही जागा माहीत असणारच, अन् कोणाला हाक मारायची असेल तर तो इथेच मारेल, असा तो विचार. मला आजही तो विचार पटतो. अनोळखी शहरात चुकामूक झाली तर माणूस स्टेशनवरच जाऊन उभा राहतो ना, तसंच हे.

रेकॉर्डिंगच्या टेपा चक्क पोस्टाने बर्कलीला जायच्या कारण तेव्हाचं इंटरनेट तेवढं सामान वाहूच शकत नव्हतं. तिथे १४२० च्या आसपासच्या त्या लहरींच्या पट्ट्याचे २५६ भाग करायचे, प्रत्येक साधारण १० किलोहर्ट्झचा, अन् त्यातला १०७ सेकंदांचा तुकडा एका कॉम्प्युटरला पाठवायचा. साडेतीनशे केबीच्या आसपासची फाईल. फोनच्या लाईनवर ती उतरायला दीडदोन मिनिटं लागायची, अन् तेवढ्यात आई दुसऱ्या खोलीतून ओरडायची की फोन लागून नाही राह्यला, मावशी तिकडून कधीची लावते आहे. बाप्पा, दीड मिनिट थांब न आई!

या तुकड्याला म्हणायचे वर्क युनिट, आम्ही नुसतं युनिट म्हणायचो. अन् माझ्या घरी खरी पंचाईत दुसऱ्याच युनिटची होती. बाबांनी वहीवर हिशोब मांडला, शंभर वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला २.४ युनिट, महिन्याला ७२, हे कोण भरणार? मी म्हटलं मी भरतो, ट्यूशनचे पैसे येतात त्यातून. ते काही बोलले नाहीत, पण रात्री पाणी प्यायला उठले की मॉनिटर बंद करून जायचे, कॉम्प्युटरला मात्र हात लावायचे नाहीत. माझी परवानगी तिथेच मिळाली असं मी धरून चाललो.

कॉम्प्युटर त्या तुकड्यात शोधायचा काय? अजनीच्या पुलावर उभे राहा, इंजिन शिट्टी देत येतं तेव्हा आवाज बारीक अन् पुढे गेलं की जाडा. तसंच, आपली पृथ्वी फिरते, तो दुसरा ग्रहही फिरत असणार, म्हणजे तिथून आलेला सूर एका जागी थांबणार नाही, सरकत राहील. किती सरकेल ते माहीत नाही, म्हणून हजारो वेगवेगळे अंदाज घेऊन तेच १०७ सेकंद पुन्हापुन्हा तपासायचे. दुसरी परीक्षा तर मला फारच आवडायची. आकाशातला एक ठिपका त्या दुर्बिणीच्या नजरेसमोरून साधारण १२ सेकंदांत सरकून जातो, म्हणजे आवाज खरंच वरून येत असेल तर तो हळूहळू चढेल अन् तसाच उतरेल. जमिनीवरचा, म्हणजे रडार म्हणा मोबाईल म्हणा, असा चढउतार करत नाही. स्क्रीनसेव्हरवर ते सगळं रंगीत दिसायचं, लाल निळे पिवळे उंच उंच दांडे, मागे नवीन उगवतायत, पुढचे पुसले जातायत. एक युनिट सुटायला माझ्या पेंटियमला दिवस दीड दिवस लागायचा. उन्हाळ्याच्या रात्री लाईट मालवून मी ते बघत पडून राहायचो, बाहेर कूलरचा आवाज, अन् समोर कुठल्याशा ताऱ्याकडची १०७ सेकंदं.

आमच्या गटात प्रतापनगरचे एक काका होते, वीज मंडळातून रिटायर झालेले. धरमपेठेत एक सायबर कॅफेवाला दादा होता, रात्री शटर ओढलं की त्याची आठ मशीनं आकाशाला लागायची. एक शाळेतल्या ताई होत्या, दोन इंजिनिअरिंगचे पोट्टे अन् मी. भेट महिन्यातून एखादवेळी, तर्री पोह्याच्या गाडीवर.

काकांचं मी बघितलंय ते सांगतो. मे महिना, पारा ४५ च्या वर, अन् हे कॅबिनेटची एक बाजू उघडून समोर टेबलफॅन लावून बसलेले. कूलरचं तोंड मुद्दाम दुसरीकडे, ओलसर हवा मशीनला नको म्हणून, स्वतः घामाने चिंब. दर अर्ध्या तासाने उठायचे अन् हाताची मागची बाजू पत्र्याला टेकवून बघायचे, लेकराचा ताप बघतात तसं. दर रविवारी रंगाच्या ब्रशने धूळ झाडायची. लोडशेडिंगचे दिवस होते, इन्व्हर्टर होता पण त्यावर पहिला हक्क काकूंच्या पंख्याचा, मशीन बंद व्हायचं. पण प्रोग्राम मधूनमधून आपली जागा लिहून ठेवायचा, लाईट आली की तिथूनच पुढे. काका म्हणायचे, "हे पोथीसारखं आहे, खूण घालून ठेवली की झालं."

अन् त्यांची डायरी होती, बँकेची, निळ्या पुठ्ठ्याची. प्रत्येक युनिटची नोंद, त्याचं नाव, आलं कधी, सुटलं कधी, किती तास. त्या नावातच आकडे अन् अक्षरं मिळून टेप कोणत्या तारखेला भरली ते असायचं, त्यामुळे काका सांगायचे, हे बघ, आज आपल्याकडे मागच्या वर्षीच्या मार्चचं आकाश आलं आहे.

वर्षं गेली. पोट्टे पुण्याला अन् बंगलोरला गेले, कॅफे बंद पडला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. प्रोजेक्टही बदलला, बॉइंक नावाच्या नव्या सॉफ्टवेअरवर आला, त्यावर एकाच वेळी बरीच विज्ञानाची कामं चालवता येतात, पुढे अमेरिकेतल्या ग्रीन बँक गावच्या दुर्बिणीचाही डेटा आला. फोनवर मात्र आम्ही जोडलेले राहिलो.

मार्च २०२० च्या सुरुवातीला निरोप आला. बर्कलीवाल्यांनी कारण सरळ सांगितलं, जेवढं तपासायला हवं होतं तेवढं जवळपास तपासून झालं आहे, अन् काम वाटत राहण्यातच आमची सगळी ताकद जाते, आता जमलेल्याचा अर्थ लावत बसायचं आहे. त्यांनी शब्द वापरला तो शीतनिद्रेचा, अस्वल झोपतं तशी, मेलं असं नाही म्हटलं. आपल्याकडेही दुकान बंद केलं असं कोणी म्हणत नाही, वाढवलं म्हणतात, अन् निघताना जातो न म्हणता येतो म्हणतात. काकूंनी ऐकलं अन् म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी दुकान वाढवलं म्हणा की."

आमचं ठरलं होतं, ३१ तारखेला सगळ्यांनी काकांकडे जमायचं. अन् २५ पासून देशभर लॉकडाऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही, बर्डीची बाजारपेठ इतकी शांत मी जन्मात पाहिली नव्हती. मग संध्याकाळी फोनवरच जमलो. कोणी भाषण केलं नाही. प्रत्येकाने आपल्याकडे किती युनिटं शिल्लक आहेत ते सांगितलं, ताईंकडे चार, माझ्याकडे दोन, काकांकडे एक. दादा म्हणाला माझ्याकडे तर मशीनच नाही आता, पण मी लाईनवर थांबतो. मध्येच ताईंचा आवाज भरून आला, म्हणाल्या वर्गात दरवर्षी पोरांना सांगायचे की आपल्या शाळेचा कॉम्प्युटर रात्री आकाश ऐकतो, आता काय सांगू. त्याच्यावर कोणालाच काही सुचलं नाही, फोन चालूच राहिला, कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली ती सगळ्यांना ऐकू आली.

पण निरोप तेवढ्यावर संपला नाही. एकच युनिट पडताळणीसाठी दोन वेगवेगळ्या लोकांना दिलेलं असायचं, अन् ज्यांनी ते परत केलं नाही त्यांचं काम दुसऱ्यांना पुन्हा पाठवलं जायचं. त्यामुळे ३१ नंतरही एखाददुसरं युनिट भटकत यायचं. पाहुणे चपला घालून दारात अर्धा तास बोलत उभे राहतात ना, तसे ते दिवस गेले. एप्रिलमध्ये रात्री अकराला काकांचा फोन, मी घाबरलो, तो काळच तसा होता. अन् हे तिकडून, "अरे आलं! एक आलं! झोपला होतास काय?"

मग ताईंनी आपलं मशीन रोझेटा नावाच्या अशाच दुसऱ्या प्रोजेक्टला लावलं, तिथे कोरोनाच्या प्रोटीनचं काम चालू होतं. मी आइन्स्टाइन ॲट होमला गेलो. त्याबद्दल एक सांगतोच, २०१० मध्ये आरेसिबोच्याच डेटातून त्यांना एक पल्सार सापडला, म्हणजे भिंगरीसारखा फिरणारा मेलेला तारा, अन् तो सापडला जर्मनीतल्या एका विद्यापीठातल्या माणसाच्या कॉम्प्युटरवर अन् अमेरिकेतल्या आयोवाच्या एका जोडप्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर. घरच्या! जे म्हणतात की अशा कामात आपल्यासारख्यांचा काय उपयोग, त्यांना मी हे नेहमी सांगतो.

त्याच वर्षी, १ डिसेंबर २०२० ला, आरेसिबोची दुर्बीण कोसळली. आधी ऑगस्टमध्ये एक केबल सुटली होती, नोव्हेंबरमध्ये दुसरी तुटली, अन् मग वर टांगलेला सगळा डोलारा खाली तबकडीवर. मी तिचा व्हिडिओ एकदाच बघितला, पुन्हा नाही लावला.

आता लोक विचारतात, मग सापडलं काय? परग्रहावरचा म्हणावा असा सिग्नल आजवर सापडलेला नाही. पण काम वाया गेलं असं जे म्हणतात त्यांच्याशी मी भांडतो, अन् भांडणारच. आमच्या सगळ्यांच्या मशीनांनी मिळून जवळजवळ बाराशे कोटी नोंदी केल्या, थोडासा वेगळा वाटला तो प्रत्येक आवाज. बर्कलीच्या लोकांनी पुढची वर्षं त्या चाळण्यात घालवली, पृथ्वीवरचा कचरा बाजूला काढला, चाळणी नीट चालते का ते बघायला मुद्दाम खोटे सिग्नल मिसळून ठेवले, त्यांना ते बर्डी म्हणतात, आपली सीताबर्डी नाही हो, पाखरू या अर्थाने. शेवटी शंभरेक जागा उरल्या, अन् त्या पुन्हा बघायला चीनमधली फास्ट नावाची ५०० मीटरची दुर्बीण २०२५ पासून लावली आहे. अन् काही मिळालं नाही तरी आता छातीठोकपणे सांगता येतं की आकाशाच्या एवढ्या भागात, एवढ्या ताकदीच्या वर, त्या पट्ट्यात कोणी बोलत नव्हतं. ही माहिती आहे राजेहो, ती १९९९ मध्ये कोणाकडेच नव्हती.

ही शंभर जागांची गोष्ट मी काकांना सांगायला गेलो. वय झालंय, ऐकायला कमी येतं, मी मोठ्याने दोनदा सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या शंभरात आपल्याकडून गेलेलं एखादं असेल काय रे?"

मी म्हटलं काका, ते शोधायचं तर कोणत्या तारखेच्या टेपमधलं कोणतं युनिट कोणी सोडवलं ते लागेल.

ते उठले, भिंतीला धरत कपाटापाशी गेले अन् चार डायऱ्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. निळ्या पुठ्ठ्याची सगळ्यात वर. "तारखा आहेत यात," म्हणाले, "तू बघ."

दोन डायऱ्या मी उतरवून काढल्या आहेत, अक्षर बारीक आहे, घामाने काही पानांवर शाई पसरली आहे, तरी वाचता येतं. तिसरी कालच उघडली.