थर्माकोलच्या पेटीतली तपकिरी बाटली

(दृश्य: जळगाव रेल्वे स्थानक, मे महिन्यातील पहाट. पार्सल उतरवले जात आहे.)

मुंबईहून रात्रीच्या गाडीने सुमारे ४२० किलोमीटर अंतर कापून ही थर्माकोलची पेटी जळगावात उतरली आहे. तिच्यात रक्ततपासणीला लागणाऱ्या प्रतिपिंडाची, म्हणजे अँटिबॉडीची, छोटी तपकिरी बाटली आहे. दुपारी पारा ४५ अंशांकडे सरकू लागण्याआधी ती प्रयोगशाळेच्या फ्रीजमध्ये पोहोचणे आवश्यक आहे.

(दृश्य: पेटी उघडताना टेक्निशियनचे हात.)

टेक्निशियन ताई बाटलीला लगेच हात लावत नाहीत. आधी तापमानाची नोंद पाहतात, मग लॉट नंबर आणि मुदत वहीत लिहितात. करंगळीएवढ्या या बाटलीला २ ते ८ अंश तापमान लागते. उष्णता तिला सोसत नाही आणि गोठणेही सोसत नाही, म्हणूनच बर्फाची पिशवी आणि बाटली यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा थर दिलेला आहे. केळीला थंडीचा चरका बसतो हे रावेर-यावलच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बाटलीतल्या प्रतिपिंडाला जोडलेल्या रंगद्रव्याची गत तशीच आहे. मागच्या उन्हाळ्यात अशीच एक पेटी सुट्टीच्या दिवशी गोदामात पडून राहिली आणि सगळा माल टाकून द्यावा लागला. त्याचे चित्रण आमच्याकडे नाही.

(दृश्य: बाटली प्रकाशासमोर क्षणभर, फिकट गुलाबी द्रव.)

या द्रवात उंदराच्या पेशींनी तयार केलेले एकच एक प्रतिपिंड आहे. मानवी रक्तातील बी पेशींच्या, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींच्या, पृष्ठभागावर सीडी १९ नावाचे प्रथिन असते, आणि हे प्रतिपिंड नेमके त्यालाच जाऊन चिकटते. त्यांच्या भाईबंद टी पेशींवर ते प्रथिन नसते, म्हणून त्यांच्याकडे ते वळतही नाही.

असे एकजिनसी प्रतिपिंड हवे तितके मिळवण्याची युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये जॉर्जेस कोहलर आणि सेसार मिलस्टाइन यांनी दाखवून दिली. उंदराच्या प्लीहेतील पेशी हवे ते प्रतिपिंड बनवते, परंतु शरीराबाहेर फार दिवस जगत नाही. कर्करोगाची मायलोमा पेशी मात्र वाढतच राहते. या दोघींचा संयोग घडवला, संयोग न झालेल्या मायलोमा पेशी मारून टाकणाऱ्या माध्यमात त्या वाढवल्या आणि त्यांतून एकेक पेशी निवडून तिचे स्वतंत्र कुळ तयार केले, की त्या कुळातील प्रत्येक पेशी तेच प्रतिपिंड बनवत राहते. मोनोक्लोनल या शब्दाचा अर्थ एवढाच: एका कुळाचे. या कामासाठी दोघांना १९८४ साली नील्स येर्ने यांच्यासह नोबेल मिळाले. पेटंट मात्र घेतले गेले नाही, आणि ही गोष्ट आम्हाला पुरस्काराहून मोठी वाटते.

बाटलीतील गुलाबी छटा फायकोएरिथ्रिनची. हे प्रथिन लाल समुद्री शेवाळातून काढतात आणि प्रतिपिंडाला जोडतात. निळा प्रकाश पडला की ते नारिंगी उजळते. समुद्र पाहायचा तर मुंबई गाठावी लागणाऱ्या या मुलखात शेवाळ असे बाटलीतून येते.

(दृश्य: जांभळ्या टोपणाची नळी, पिपेट, अॅल्युमिनियम फॉइल.)

१०० मायक्रोलिटर रक्तात प्रतिपिंड अगदी थोडे, मोजून मिसळले जाते. उजेडाने रंग विटतो, म्हणून नळी फॉइलमध्ये गुंडाळून सुमारे २० मिनिटे अंधारात ठेवली जाते. त्यानंतर तांबड्या पेशी फोडणारे द्रावण, सेंट्रीफ्यूज आणि धुणे. शेजारच्या नळीत त्याच जातीचे, त्याच रंगाचे, पण मानवी पेशीवर काहीही न ओळखणारे प्रतिपिंड आहे. तिथेही जेवढी चमक दिसेल, तेवढी खोटी धरायची.

(दृश्य: फ्लो सायटोमीटर या पेशी तपासणाऱ्या यंत्राचा पडदा; ठिपके साचत आहेत.)

पेशी एकामागून एक ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरसमोरून जातात. प्रत्येक ठिपका म्हणजे एक पेशी, आणि उजवीकडे सरकलेला प्रत्येक ठिपका म्हणजे नारिंगी उजळलेली बी पेशी. निरोगी प्रौढाच्या रक्तातील लसिका पेशींमध्ये (लिम्फोसाइट; बी आणि टी पेशी यांतल्याच) त्यांचे प्रमाण साधारणतः ५ ते १५ टक्के असते.

रक्ताचा नमुना एक-दोन दिवसांत शिळा होऊ लागतो. बाटली मात्र नीट थंड ठेवली तर कित्येक महिने टिकते. म्हणून प्रवास करायचाच असेल तर तो बाटलीने करावा, रक्ताने नव्हे. ज्यांच्या नळ्या अजूनही येथून मुंबई-पुण्याला पाठवल्या जातात, त्यांच्यासाठी हा आग्रह आहे.

(दृश्य: पडद्यावर दाट पुंजका, टेक्निशियनचा चेहरा.)

आजचा पुंजका अपेक्षेपेक्षा बराच दाट आहे. एवढ्यावरून निदान होत नाही. सीडी ५, सीडी २०, कॅपा आणि लॅम्डा ही पेशींवरची आणखी प्रथिने पाहावी लागतील. अहवाल संध्याकाळी डॉक्टरांकडे जाईल.

(दृश्य: फ्रीजचे दार.)

बाटली मधल्या कप्प्यात परत जाते, मागच्या थंड भिंतीपासून चार बोटे दूर. बर्फाच्या पिशव्या रिकाम्या पेटीत भरून ठेवल्या आहेत. त्या आज रात्रीच्या गाडीने मुंबईला परत जातील.